पोलादी लाँचचे जस्ताचे ठोकळे चार महिन्यांतच संपतात

प्रश्न:
आमची १२ मीटरची पोलादी लाँच दाभोळच्या खाडीत असते. पत्रा गंजू नये म्हणून त्याच्याऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे आठ ठोकळे तिच्या बुडाला लावलेले आहेत आणि पूर्वी ते वर्षभर सहज पुरत असत. गेल्या दिवाळीत नवे बसवले. शिमग्याला लाँच वर ओढली, तेव्हा त्यांच्या नुसत्या लोखंडी पट्ट्या उरल्या होत्या. पंख्याजवळच्या वेल्डिंगच्या कडेला रंग फुगला होता आणि तो खरवडल्यावर खाली नखाएवढे खड्डे दिसले. या काळात बदल एकच झाला, तो म्हणजे धक्क्यावर वीज आल्यामुळे बॅटरीचा चार्जर रात्रभर जोडलेला असतो. रंगारी म्हणतो, ठोकळे दुप्पट करा. करावेत का?

पहिले उत्तर:
आधी मोजा, मग खर्च करा. सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ-इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत धातूचे व्होल्ट मोजतात तो) मल्टिमीटरच्या एका पिनेला जोडून पाण्यात सोडा आणि दुसरी पिन रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्याला लावा. समुद्राच्या पाण्यात असंरक्षित पोलाद साधारण उणे ०.६० ते उणे ०.६५ व्होल्ट दाखवते. ते उणे ०.८० च्या पलीकडे गेले, तर संरक्षण मिळते आहे असे समजावे. जस्त स्वतः उणे १.०३ च्या आसपास असते. धक्क्याचा प्लग जोडून, मग काढून आणि शेवटी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून, असे तीनदा मोजा.

प्रश्नकर्ता:
नवे ठोकळे लावून लाँच उतरवली आणि मोजले. प्लग जोडलेला असताना उणे ०.७१ आले; तो काढताच आकडा सरकू लागला आणि थोड्या वेळाने उणे ०.९२ वर थांबला. बॅटरीच्या स्विचने काहीच फरक पडला नाही. शेजारी रंग उडालेला एक जुना बार्ज त्याच खांबावरून वीज घेतो.

दुसरे उत्तर:
मग चोर सापडलाच. अर्थिंगच्या तारेने दोन्ही बोटी एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत, उरलेली वाट खारे पाणी पुरवते आणि तुमचे जस्त त्या बार्जच्या उघड्या पत्र्यासाठी झिजते आहे. दुप्पट ठोकळे लावले, तर बार्जच्या मालकाची सोय होईल. मात्र अर्थिंग तोडण्याचा उपाय कोणी सुचवला, तर मुळीच ऐकू नका, कारण चार्जरमध्ये बिघाड झाल्यास अख्ख्या पत्र्यात वीज उतरेल आणि माणूस जाईल. त्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा: तो हा किरकोळ एकदिश प्रवाह अडवतो, पण बिघाडाचा मोठा प्रवाह जाऊ देतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (धक्क्याच्या तारांशी थेट जोड न ठेवता बोटीला वीज देणारा) त्याहून चांगला, पण जड आणि महाग.

तिसरे उत्तर:
वरील निदान पटते. एक भर घालतो: पावसाळ्यात वाशिष्ठी नदीचे गोडे पाणी खाडीत भरते, तेव्हा जस्तावर कठीण पापुद्रा धरतो आणि ठोकळा शाबूत दिसूनही काम करत नाही. निमखाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे बरे. आणि रंगाऱ्याला बजावून ठेवा, ठोकळ्यांवर ब्रश फिरवायचा नाही. आमच्याकडे एकदा आठही ठोकळे बुडाच्या लाल रंगात माखून पाण्यात गेले होते.