मदत हवी आहे: टेप अर्धा सूर खाली वाजतोय, आणि एका कॅसेटला बुरशी

नमस्कार मंडळी,

चतुर्थीला जेमतेम दीड महिना आहे. तोवर दोन कॅसेट वाजत्या करायच्या आहेत, पण ज्या टेपवर त्या वाजवायच्या तोच आजारी आहे.

घर मालवण तालुक्यात, खाडीपासून चालत पाच मिनिटांवर. दमट हवा आणि खारा वारा दोन्ही फुकट. यंत्रं दोन. वडिलांनी मुंबईहून एसटीच्या टपावर टाकून आणलेला टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र), आणि बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने दिलेला वॉकमन. टू-इन-वनचं वय चाळिशीच्या आसपास, वॉकमनचं थोडं कमी. माझा जीव टू-इन-वनमध्ये अडकलाय. वॉकमनबद्दल शेवटी विचारतो.

कॅसेट आहेत १९८८ सालच्या चतुर्थीतल्या डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या. आमच्याच अंगणात झालेली बारी, माझे काका एका बाजूचे बुवा. वडिलांनी याच टू-इन-वनच्या आतल्या माइकवर दोन सी-९० (नव्वद मिनिटांच्या कॅसेट) भरल्या. पहिलीत नमन, स्तवन, अभंग. दुसरीत गजर. काका आता गात नाहीत, श्वास पुरत नाही. कान मात्र शाबूत आहेत, आणि सगळं प्रकरण त्या कानांमुळेच सुरू झालं.

गेल्या महिन्यात पहिली कॅसेट लावली. काकांनी मिनिटभर ऐकलं आणि हात वर केला, "ही पेटी माझी नाय. काळी एकची पेटी पांढरी एकात कशी बोलता?" या पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्या, त्यांत अर्ध्या सुराचा फरक; मला तो कळलाच नव्हता. आवाज थोडा जड वाटला, मला वाटलं काका तरुणपणी तसे गात असतील.

मग मी नको ते केलं. टू-इन-वन तालुक्याच्या गावी एका दुकानात दिला. दोन दिवसांनी परत आला तेव्हा पहिली दहा मिनिटं बरा वाजला, मग आवाज डुलायला लागला, मग फीत खायला लागला. झाकण उघडलं तर फीत बाहेर येऊन फिरत्या दांडीला गुंडाळलेली. सुदैवाने ती बाजारातली जुनी आरत्यांची कॅसेट होती. मागचं कव्हर काढून पाहिलं तर पुल्या आणि बेल्ट तेलाने न्हालेले. शिवाय हेडच्या (फितीवरचा आवाज उचलणाऱ्या भागाच्या) बाजूच्या बारीक स्क्रूवर लाल लाखेचा ठिपका असतो ना, तो फुटलाय. म्हणजे तो स्क्रूही कुणीतरी फिरवलाय. दुकानाचं नाव घेत नाही, आता भांडून उपयोग नाही.

आणि दुसरी कॅसेट, गजराची. खिडकीतून पाहिलं तर फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढुरके ठिपके, भाकरीवर येतात तसे. ती अजून लावलेली नाही.

आधी काय करू? टेप की कॅसेट? नवीन प्लेअर घेऊन मोकळा होऊ का? "मुंबईला पाठव, कॉम्प्युटरवर उतरवून मिळेल" हा सल्ला घरात रोज मिळतोय, तो इथे नको. कॅसेट कुरिअरने पाठवायची माझी छाती नाही.

वॉकमनच्या सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरं काहीतरी फुललंय. शेजारची काकू म्हणते आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून घास, तांब्या-पितळेला लावतो तसं. लावू का?

---

टेपवेडा:

सर्वात आधी दोन्ही कॅसेटचे कान, म्हणजे वरच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या खिट्ट्या, तोडा; मग त्यांवर रेकॉर्डिंग होत नाही. फितीची उघडी बाजू खाली आणि ए बाजू स्वतःकडे धरली की वरच्या डाव्या कोपऱ्यात जी खिट्टी दिसते ती ए बाजूची, उलटवली की बी बाजूची. टू-इन-वनवर प्लेच्या शेजारी लाल बटण असतं. चुकून दोन्ही दाबली गेली तर १९८८ च्या बारीवर तुमच्या खोलीतली शांतता भरली जाईल.

बुरशीची कॅसेट कुठल्याही टेपमध्ये घालू नका. ती धूळ हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. बाकीच्या कॅसेटपासूनही लांब ठेवा.

फीत का खाल्ली ते सांगतो. फीत ओढते ती रबरी चाक आणि त्याला टेकलेली स्टीलची बारीक दांडी, म्हणजे पिंच रोलर आणि कॅपस्टन. ओढलेली फीत गुंडाळून घेण्याचं काम उजव्या चात्याचं, म्हणजे कॅसेटमधल्या दातेरी चाकाचं. बेल्ट सरकला की तो चाता मागे पडतो, पण रोलर फीत सोडतच राहतो. मग ती बाहेर सांडते आणि दांडीला लपेटते. तुमच्याकडे सरकण्याचं कारण दुकानदाराने बाटलीतून ओतलंय.

तेव्हा आधी टेप, मग कॅसेट. आणि ट्रायलला नेहमी रद्दी कॅसेट घाला.

---

खाडीपलीकडचो:

तेल कित्याक घातलंत रे? रबराक तेल लागला काय ता सरकतलाच.

---

धागाकर्ता:

मी नाही घातलं हो! कान तोडले. चारही. तोडताना हात थरथरत होता.

बेल्ट कुठल्या मापाचा मागवू? जुना ताणून लांब झालाय, वर तेलाने फुगलाय.

---

टेपवेडा:

जुन्याचं माप घेऊच नका. शिवणाचा दोरा ज्या पुल्यांवरून बेल्ट जातो त्यांवरून तसाच फिरवा, जिथे जुळतो तिथे खूण करा आणि ती लांबी मोजा. नवा बेल्ट त्यापेक्षा साधारण ५ टक्के आखूड हवा. जाडीला चौकोनी १.२ मिलिमीटरचा बहुतेक ठिकाणी चालतो, पण जुन्याच्या शेजारी धरून खात्री करा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतही मिळतात, ऑनलाइन वेगवेगळ्या मापांची पाकिटंही येतात. पाकीटच घ्या, एक बेल्ट चुकतोच.

बेल्ट बदलण्याआधी पुल्या, कॅपस्टन आणि पिंच रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ९९ टक्केवालं. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या चालतील. काडी काळी निघायची थांबेपर्यंत पुसत राहायचं. रोलर चकचकीत आणि टणक झाला असेल तर पुसून भागणार नाही, बदलावा लागेल. नखाने दाबून पाहा, दबला पाहिजे.

मोटर काम करत असेल तर हात लावू नका. बदलायची वेळ आलीच तर आधी जुनीवरचं लेबल वाचा. या मोटरी ६, ९ आणि १२ व्होल्टच्या येतात आणि फिरण्याची दिशाही लिहिलेली असते. उलट दिशेची आणलीत तर पुन्हा मुंबईची फेरी.

---

रेडिओप्रेमी:

नवीन प्लेअरच्या भानगडीत पडू नका. आज मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त प्लेअरमध्ये एकाच जुन्या जपानी घडणीची नक्कल असते, वेग स्थिर ठेवणारं जड चक्र नाही, आवाज डुलतोच. तुमचा जुना टू-इन-वन नीट झाला तर त्याहून सरस वाजेल.

वेगाबद्दल. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. तपासायला ३१५० हर्ट्झचा सूर भरलेली टेस्ट कॅसेट लागते, ती वाजवून मोबाइलवरच्या ॲपने आकडा बघायचा. टेस्ट कॅसेट नसेल तर दुसरी युक्ती आहे. लाइटवर टेप लावून रेकॉर्डिंग केलं असेल तर त्यात विजेचा गुंजारव उतरलेला असतो, ५० हर्ट्झचा. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेऊन आलेखात तो शोधा. ४७ वर दिसला तर टेप तेवढा हळू. त्या काळी ग्रिडची वारंवारताही खाली-वर व्हायची, त्यामुळे अगदी काटेकोर नाही, पण अंदाज येतो.

---

धागाकर्ता:

युक्ती भारी आहे पण आमच्याकडे चालणार नाही. काकांना विचारलं. त्या रात्री लाइट नव्हती. अंगणात दोन पेट्रोमॅक्स आणि टेप सहा सेलवर.

---

रेडिओप्रेमी:

हा हा, कोकणातली चतुर्थी! मग टेस्ट कॅसेट तुमच्या घरातच आहे. काकांची पेटी अजून आहे का? तीच, बारीतली? अर्धा सूर म्हणजे वेगात साधारण ६ टक्क्यांचा फरक. काकांनी काळी एक आणि पांढरी एक म्हणून अचूक मोजमापच सांगितलंय. पेटीची पातळ जीभ पितळेची, वर्षानुवर्षं फार हलत नाही. बेल्ट घातला की पेटी शेजारी ठेवा, काकांना बसवा, आणि मोटरच्या मागच्या बारीक भोकातला स्क्रू प्लॅस्टिकच्या पेचकसाने केसभर फिरवत सूर जुळवा. लोखंडी पेचकस नको.

---

समुद्रपक्षी:

वॉकमनसाठी: आगळ लावू नका! आगळात मीठ असतं, ते धातूला खाऊन टाकेल. आधी कुठले सेल फुटले ते बघा. अल्कलाइन असतील तर ती घाण क्षारधर्मी, तिला व्हिनेगरचा किंवा लिंबाचा एक थेंब काडीवर घेऊन लावा. साधे लाल-निळे झिंकचे सेल असतील तर उलट, ती आम्ल असते, तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून. मग दोन्ही बाबतींत अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा. पत्रा खाल्ला गेला असेल तर बारीक सँडपेपर. आणि वॉकमन कपाटात ठेवताना सेल काढून ठेवा, आम्ही कुणीच ठेवत नाही तसं.

बुरशीसाठी: कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत आठ-दहा दिवस ठेवा. तांदळात नको, तांदळाची पूड आत जाते. जेल रंग बदलला की कढईत मंद आचेवर शेकून पुन्हा वापरता येतं. हेअर ड्रायर, ऊन, दोन्ही नको. फीत पूर्ण कोरडी झाली की अंगणात, तोंडाला मास्क लावून, पेन्सिल घालून हाताने हळूहळू एकदा पुढे एकदा मागे गुंडाळा. सहा कोनांची पेन्सिल चात्याच्या दातांत बरोबर बसते. गुंडाळताना उघड्या बाजूला मऊ कोरडं कापड फितीला अलगद टेकवून ठेवा, कापडावर पूड येईल. आणि फितीच्या मागे फेल्टचा छोटा तुकडा पितळी पट्टीवर आहे की पडलाय ते बघा. इकडच्या हवेत त्याचा गोंद हमखास सुटतो, मग आवाज दबतो.

---

धागाकर्ता, अठरा दिवसांनी:

उशिरा लिहितोय, मध्ये आठवडाभर नेट नव्हतं, पाऊस.

बेल्टच्या पाकिटातले दोन चुकले, तिसरा बसला. रोलर पुसला तेव्हा सात काड्या गेल्या. फेल्ट दुसऱ्या कॅसेटचा खरंच पडला होता, कव्हरमध्ये खडखड करत होता. त्या कॅसेटच्या कव्हरला पाच स्क्रू आहेत म्हणून उघडता आली, चिकटवलेली असती तर मी हात टेकले असते. आरत्यांच्या कॅसेटमधला फेल्ट पट्टीसकट काढून लावला.

हेडचा तो लाख फुटलेला स्क्रू कानाने लावला. टाळ सर्वांत स्वच्छ, झणझणीत कुठे ऐकू येतात ते बघत पाव-पाव फेरा फिरवायचा. जिथे टाळ उजळले तिथे थांबलो आणि नेलपॉलिशचा थेंब टाकला. बायकोचं होतं, तिला अजून कळलेलं नाही.

मग काका पेटी घेऊन बसले. भाता मी ओढत होतो, ते पट्टी दाबून धरून टेप ऐकत होते. "वर... वर... थांब." पहिली कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत पेटीला मिळाली. काका काही बोलले नाहीत, फक्त पखवाज सुरू झाला तेव्हा बोटं गुडघ्यावर चालायला लागली.

दुसरी काल लावली. कापडावर आलेली पूड राखाडी होती, बरीच होती, पण फीत स्वच्छ निघाली. दोन-तीन ठिकाणी आवाज क्षणभर जातो. गजर आहे. पण एक नवी गंमत. बी बाजूला पंधरा मिनिटं झाली की पेटी हळूहळू चढायला लागते. संपेपर्यंत जवळजवळ पाऊण सूर वर. टेप पुन्हा बिघडला म्हणून मी पहिली कॅसेट लावून पाहिली, ती ठीक.

मी डोकं खाजवत असताना काका हसायला लागले. "सेल उतारलेले ते. फाटफटी सेल खंय मेळतले?" सेल उतरल्यावर भरताना टेप हळू फिरला, म्हणून आता नीट वेगावर तोच भाग जलद वाजतो. वडील पहाटे टेपच्या शेजारी बसून काय करत असतील, हे मला आता दिसलं.

रेडिओप्रेमी, शेवटचा प्रश्न तुम्हालाच. टेप हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपवर घेतलाय, ऑडॅसिटी (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) आहे. हा सावकाश चढत जाणारा सूर सरळ कसा करायचा? एकाच आकड्याने वेग कमी केला की सुरुवात बिघडते. आणि अगदीच जमत नसेल तर राहू दे का? काका म्हणतात राहू दे.