स्टेपनी, रन-फ्लॅट की नुसती बाटली? छोट्या गाडीवाल्यांनो, अनुभव सांगा

कास_रोड
परवा बहिणीचा मुलगा नवी गाडी घेऊन दारात आला. ओवाळणं, पेढे, सगळं झालं. मी सवयीनं डिकीतला गालिचा उचलला तर खाली चाकच नाही! खळग्यात थर्माकोलचा ट्रे, त्यात पंक्चर बुजवायच्या पांढऱ्या औषधाची बाटली आणि पिटुकला पंप. म्हटलं स्टेपनी कुठंय रे? तर म्हणे, "मावशी, आता बऱ्याच गाड्यांना नसते. हवा कमी झाली की समोर दिसतं. आणि हे टायर झिजले की मी रन-फ्लॅटच टाकणार, हवा गेली तरी थोडं अंतर चालतात ते."

त्यावरून अण्णांची फियाट आठवली. चिपळूणहून कऱ्हाडला येताना कुंभार्ली घाटात मागचं चाक बसलं. मे महिना. डिकीत आंब्याच्या पेट्या, त्यावर वळकट्या, त्यावर आजीची ट्रंक आणि या सगळ्याच्या आड स्टेपनी. सगळा संसार रस्त्याकडेला मांडला. अण्णांनी व्हीलकॅप उलटी करून माझ्या हातात दिली आणि एकेक नट तिच्यात टाकत गेले. "एक जरी गडगडला तर तू चालत ये कऱ्हाडला." ग्रीस लागलेले ते नट, घाट चढून तापलेले, आणि मी श्वास रोखून उभी. मागून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून हेडलाइटचा उजेड धरला, चाक बसेपर्यंत. निम्मे प्रवासी खाली उतरून सल्ले देत होते. आजी काढलेल्या चाकावर बसून त्यांना आंबे वाटत होती.

माझ्या आल्टोत स्टेपनी आहे आणि ती राहणार. पण भाचा म्हणतो मी जुन्या जमान्यातली. तुमचं काय? घाट, ऊस, हायवे, काहीही लिहा.

मिरज_मेल
स्टेपनी नसलेली गाडी घेऊ नये. संपला विषय.

वाईचा_घाट
@कास_रोड भाचा खोटं बोलत नाहीये. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला, ऑक्टोबरपासून लागू. साडेतीन टनांपर्यंतची, ड्रायव्हर धरून नऊ सीटपर्यंतची गाडी असेल, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट कंपनीनं दिलं असेल, तर स्टेपनीची सक्ती नाही. जागा वाचते, ईव्हीला बॅटरीसाठी ती लागते. नियम दिल्लीत झाला, पंक्चर पसरणी घाटात होतं, एवढाच फरक.

पेढे कंदीच होते ना?

कास_रोड
कंदीच. साताऱ्यात दुसरे देऊन बघा, लोक गाडीवरून उतरवतील.

ऊसपट्टा
आमच्या वाळव्याकडं कारखाने चालू झाले की हा प्रश्नच येत नाही. स्टेपनी पाहिजेच. ऊस ओढणाऱ्या बैलांच्या पायाला पत्र्या मारलेल्या असतात. डांबरावर चालून चालून पत्री ढिली होते आणि तिचा खिळा रस्त्यावर पडतो. बोटाच्या पेराएवढा, वाकडा, निम्मा झिजलेला. टायरात शिरला की बाहेरून फक्त चकचकीत डोकं दिसतं. तो उपटायचा नाही, तसाच पंक्चरवाल्यापर्यंत न्यायचा, हवा हळूहळू जाते.

पण ऐका पुढं. आष्ट्याच्या अलीकडं एकदमच डावीकडची दोन्ही चाकं गेली. पुढचं पण, मागचं पण. स्टेपनी एक. आता बोला! बायको म्हणाली, लावा, एका चाकाला तरी लावा. मी म्हटलं लावून काय आरती करू? शेवटी रस्त्याकडेला बसलो. बीडकडच्या एका मामांनी गाडी थांबवली, त्यांच्या पोरानं ऊस सोलून दिला. खिळा त्यांच्याच बैलाचा असणार, पण ऊस खाता खाता कसं बोलणार. दोन तासांनी मेव्हणा त्याच्या गाडीची स्टेपनी घेऊन आला. नशीब, सेम गाडी.

मिरज_मेल
@ऊसपट्टा मग आता दोन स्टेपन्या ठेवता का 😄

ऊसपट्टा
मेव्हणा ठेवतो जवळ.

साहेबांचा_सारथी
मी ड्रायव्हर. साहेबांची गाडी जर्मन, नाव सांगत नाही. रन-फ्लॅट आहेत, डिकीत चाक नाही. मागच्या पावसाळ्यात पुण्याहून सांगलीला येत होतो. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला आलो आणि समोर दिवा लागला. खाली उतरून बघितलं तर टायर उभाच्या उभा, हातानं दाबूनही कळेना हवा आहे का नाही. त्या टायरची भिंतच इतकी जाड असते की गाडीचं वजन हवेशिवाय पेलते. म्हणून तर तो दिवा लागतो, नाहीतर आपल्याला पत्ताच लागणार नाही.

पुस्तकात लिहिलंय, हवा गेल्यावर ८० च्या आत चालवा आणि ८० किलोमीटरच्या आत दुकान गाठा. सांगली त्याच्या कितीतरी पुढं. मग साताऱ्याला थांबलो. तिथं त्या मापाचा टायर नाही. पुण्याला फोन, टायर दुसऱ्या दिवशी. पंक्चर काढा म्हटलं तर दुकानदार नको म्हणाला. हवेशिवाय पळलेला असला टायर आतून किती भाजला ते बाहेरून कळत नाही. साहेब दुसऱ्या गाडीनं पुढं गेले, मी लॉजवर. नव्या टायरचं बिल बघितलं, त्यात आल्टोचे चारही टायर येऊन वर पैसे उरले असते.

तरी मी रन-फ्लॅटला शिव्या देणार नाही. रात्रीचे दीड, धो धो पाऊस, हायवेचं काम चालू, कडेला चाक बदलायला जागा नाही. तिथं जॅक लावून वाकलेला माणूस मागच्या ट्रकला दिसत नाही. मी चाक न बदलता तीसेक किलोमीटर उजेडात आलो, ते त्या टायरमुळं. जीव वाचतो तिथं बिल विचारायचं नसतं. बिल साहेबांचं होतं ही गोष्ट वेगळी.

कास_रोड
हे बघा, याला म्हणतात अनुभव. भाच्याला पाठवते.

हळदीची_पेठ
मी पटकन लिहिते, कुकर लावलाय. मी आणि जाऊबाई औदुंबरला निघालो होतो, दोघीच. भिलवडीच्या आधी पंक्चर. दोघींनी यूट्यूब बघून जॅक लावला, सगळं बरोबर, पण नट हलेनात. जाऊबाई पान्ह्यावर उभी राहिली, नऊवारीत! तरी नाही. कारण आधी टायर बदलताना दुकानात हवेच्या गननं आवळलेले. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्या दादाच्या लांब पाइपनं सुटले. आता आमच्या गाडीत त्या मापाचा पाइपचा तुकडा आहे. भाजी आणायला गेले तरी बरोबर असतो.

टायर_आणि_हवा
@हळदीची_पेठ ताई, जॅक लावायच्या आधी नट सैल करायचे. चाक जमिनीवर असतं तेव्हा ते फिरत नाही, जोर नटावर जातो. वर उचलल्यावर पान्ह्यावर उभं राहिलं तर गाडी जॅकवरून सरकू शकते. जाऊबाईंना सांगा, प्लीज. आणि पंक्चर चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढा. बसवताना नट एकामागून एक नाही, समोरासमोरचे आवळायचे. गननं आवळून झालं की दुकानदाराला सांगायचं, एकदा हातपान्ह्यानं सैल होतात का बघ. तो तोंड वाकडं करेल, करू दे.

हळदीची_पेठ
हो का! जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात, आता सांगताय 😂

यवतेश्वर_वळण
बाटलीवाल्यांसाठी. यवतेश्वर घाटात समोरून बस आली म्हणून मित्रानं गाडी खाली घेतली, कडेच्या धारदार दगडानं टायर बाजूनं फाटला. बोटभर चीर. बाटली ओतली, पंप लावला, पांढरं औषध सगळं त्या चिरेतून बाहेर, त्याच्या बुटावर. ते औषध जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या खिळ्याच्या भोकापुरतं असतं. भिंत फाटली की उपयोग शून्य. कासला फुलांचा सीझन, रस्त्यावर गर्दी, प्रत्येक जण काच खाली करून "काय झालं?" आणि पुढं. टोइंगवाल्याची वाट बघत बसलो. फुलं दिसली नाहीत, पण ऊन मस्त लागलं.

वाईचा_घाट
सप्टेंबरात कासला ऊन? नशीबवान आहात.

जतची_वाट
जतहून सांगली ८० च्या वर आहे. म्हणजे गावाबाहेर पंक्चर झालं तर रन-फ्लॅटवाला सांगलीच्या तोंडावर येऊन बसणार. मधे मिळतं ते डाळिंब आणि बेदाणा, टायर नाही.

कृष्णाकाठचा_पोर
विषय सोडून. ट्यूबलेस आले आणि आमची ट्यूब गेली. कृष्णेत पोहायला आम्ही ट्रकच्या इनरवरच शिकलो. आतली काळी, व्हॉल्व्ह पोटाला ओरखडणारी. पंक्चरवाला जुनी द्यायचा, त्यावर चारपाच ठिगळं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या गल्लीत त्याच इनरवर पाट बांधून म्हाताऱ्यांना बाहेर काढलं. आता पोरांना इनर काय विचारलं तर फोनमधलं कायतरी सांगतात.

मिरज_मेल
त्या पुरात आमची गाडी स्टेपनीसकट गेली राव. ती पण पोहली नाही.

कृष्णाकाठचा_पोर
🙏 आमची पण दुकानातली सगळी भडंगाची पोती.

हळदीची_पेठ
अय्या, तुमचं भडंगाचं दुकान आहे? लसूण आधी तळायचा की शेंगदाण्याबरोबर? माझा दरवेळी मऊ पडतो.

कृष्णाकाठचा_पोर
आधी, मंद आचेवर, सालीसकट ठेचून. कुरकुरीत झाला की काढून ठेवायचा आणि शेवटी मिसळायचा.

नॅनोवाला
कोणी नॅनोचं नाव घेत नाही म्हणून मीच घेतो. इंजिन मागं, स्टेपनी पुढं बॉनेटखाली. पेट्रोल पंपावर पोरगं बॉनेट उघडून बघायचं आणि घाबरायचं, इंजिन कुठं गेलं म्हणून. गंमत म्हणजे पुढचे टायर १३५ मिमी रुंद, मागचे १५५ चे आणि स्टेपनी पुढच्या मापाची. मागं लावली की गाडी जरा मागं बसल्यागत चालायची. पंक्चरवाल्यापर्यंत हळू जायचं, बस. पण सामान न उपसता स्टेपनी निघायची. आजीच्या ट्रंकेला हात लावायला लागला नसता.

माणदेशी_सीएनजी
बाहेरून सीएनजी बसवला. सिलिंडर बरोबर स्टेपनीच्या खळग्यावर. फिटरनं स्टेपनी हातात दिली आणि म्हणाला, घरी ठेवा. घरी माळ्यावर आहे, आई तिच्यावर पापड वाळवायची चाळण ठेवते. म्हसवडच्या यात्रेला निघालो की वडील म्हणतात टपावर बांध. १२-१५ किलोचं धूड टपावर, वर सिलिंडरचं वजन मागं, चढाला गाडी रडते. रन-फ्लॅट मिळाले असते तर मी घेतलेच असते.

टायर_आणि_हवा
@माणदेशी_सीएनजी मिळत नाहीत. बारा, तेरा, चौदा इंची छोट्या गाडीच्या मापात माझ्या दुकानात आजवर एक आला नाही. बीएमडब्ल्यू, मिनी असल्या गाड्यांना वर्षानुवर्षं कंपनीकडून येतात. आणि मिळाला तरी छोट्या गाडीला तो जाड टायर लावून गाडी दगडासारखी आपटणार, कारण तिचं सस्पेन्शन त्यासाठी बनवलेलंच नाही. दाब दाखवणारा दिवा नसेल तर तर लावूच नका. हवा गेलेली कळणार नाही, तुम्ही शंभरनं चालवणार आणि टायर आतून जळणार.

@कास_रोड तुमच्या भाच्याला म्हणावं, रन-फ्लॅटचे पैसे ठेव. त्याच मापाची रिम आणि टायर घे, लांबच्या प्रवासाला डिकीत टाक, गावात फिरताना घरी ठेव. बाटली असू दे. फक्त बाटली वापरलीस तर पंक्चरवाल्याला आधी सांग. आम्ही टायर उघडतो आणि ते चिकट पांढरं पाणी अंगावर येतं. माझ्या पोरानं एकदा नवा शर्ट घातलेला.

आणि ज्यांच्याकडं स्टेपनी आहे त्यांनी तिच्यात दोनचार पॉइंट हवा जास्त ठेवा, कारण तुम्ही वर्षभर बघणार नाही हे मला माहितीय. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. ३५१४ असेल तर २०१४ चा पस्तिसावा आठवडा. आमच्या साडूंची स्टेपनी काढली तर नक्षी नव्यासारखी, आणि रबर वाळलेल्या भाकरीसारखं तडकलेलं. ते म्हणतात, अजून वापरलीच नाही, नवीन आहे!

साहेबांचा_सारथी
हायवेवर अडकला तर १०३३ लक्षात ठेवा. चाक बदलून देतील असं नाही, पण गाडी बाजूला घ्यायला माणूस येतो.

वाईचा_घाट
@टायर_आणि_हवा माझ्या वरच्या मॉडेलला अलॉय रिम १५ इंची आणि स्टेपनी लोखंडी १४ ची आहे. ८० च्या वर जाऊ नका असा स्टिकर. चालतं का?

टायर_आणि_हवा
चालतं, पण तात्पुरतं. दुकानापर्यंत. तीच लावून गोव्याला जाऊ नका. काही जण जातात.

मिरज_मेल
मी नाही गेलो. फक्त रत्नागिरीला.

जतची_वाट
कोणाकडं आल्टोची १२ इंची लोखंडी रिम आहे का जुनी? १४५ चा टायर बसेल अशी. वाकलेली नको.

ऊसपट्टा
मेव्हण्याकडं आहे एक. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पण रविवारनंतर. सध्या तोडीला माणसं आलीत.