मदत हवी आहे: इंग्रजी शब्दापुढे कोणतं प्रीपोझिशन येतं, हे खात्रीने कसं तपासायचं?

खाडाखोड (मूळ प्रश्न)

मराठी माध्यमातून आलेल्या सहकाऱ्यांच्या इंग्रजी ईमेल आणि अहवाल तपासायचे असतात. स्पेलिंगच्या चुका संगणक पकडतो. अडतं ते प्रीपोझिशनपाशी. ही वाक्यं वरचेवर समोर येतात:

'वी डिस्कस्ड अबाउट द बजेट.'
'प्लीज सबमिट द रिपोर्ट टिल मंडे.'
'ही इज वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स.'
'द क्लायंट इज अँग्री ऑन अस.'
'काइंडली एक्स्प्लेन मी द डिले.'

दुरुस्ती करता येते, पण पुढच्या आठवड्यात तेच वाक्य परत येतं. एक, या चुकांमागे काही सूत्र आहे का, जे कळलं की लिहिणारा स्वतःच सावध होईल? दोन, जिथे तपासणाऱ्यालाच शंका येते (डिफरंट फ्रॉम, टू की दॅन?) तिथे प्रत्यक्ष वापर कुठे आणि कसा पाहायचा? पाठांतराच्या याद्या नकोत, त्या भरपूर आहेत.

पूर्णविराम

सूत्र आहे. मराठीत एकच प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय सगळीकडे चालतं आणि इंग्रजी त्याच कामाची दोन-तीन माणसांत वाटणी करतं. चुका बहुतेक तिथेच होतात.

'पर्यंत' घ्या. 'सोमवारपर्यंत अहवाल द्या' आणि 'सोमवारपर्यंत थांबा' यांत मराठीला फरक दिसत नाही. इंग्रजीला दिसतो. अहवाल देणं सोमवारच्या आत कधीतरी एकदा होऊन जातं, म्हणून 'बाय मंडे'. थांबणं तोवर चालूच राहतं, म्हणून 'टिल' किंवा 'अन्टिल'. सहकाऱ्यांना सांगायची खूण: मराठी वाक्यात क्रियापदाआधी 'सतत' घालून पाहा. 'सोमवारपर्यंत सतत थांबा' जमतं. 'सोमवारपर्यंत अहवाल सतत द्या' जमत नाही, तिथे 'बाय'. नकारात मात्र जपून: 'ही वोन्ट कम अन्टिल मंडे' बरोबर आहे, आणि त्याचा अर्थ तो सोमवारी येणार असा होतो.

'पासून'चं तसंच. '2019 पासून' हा सुरुवातीचा बिंदू, तिथे 'सिन्स'. 'तीन वर्षांपासून' ही मोजलेली लांबी, तिथे 'फॉर'. तुमच्या वाक्यात नुसतं 'सिन्स' खोडून 'फॉर' लिहिलंत तर काम अर्धंच होईल. क्रियापदही बदलायला हवं: 'ही हॅज बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.' या दोन चुका जोडीनेच येतात, त्यामुळे एक दिसली की दुसरी शोधा.

सगळ्यात फसवा 'वर'. आपण एखाद्यावर अवलंबून असतो, रागावतो, हसतो, प्रेम करतो, विश्वास ठेवतो. अवलंबून असण्याला 'डिपेंड ऑन' चपखल बसतं, म्हणून बाकीच्यांनाही 'ऑन' लावावंसं वाटतं. पण माणसावरचा राग 'अँग्री विथ' (किंवा 'ॲट'), गोष्टीचा राग 'अँग्री अबाउट', हसणं 'लाफ ॲट', आणि 'लव्ह'ला काहीच नाही. विश्वासाचं अजून बारीक आहे. 'आय बिलीव्ह यू' म्हणजे तू खरं बोलतोस असं मी मानतो. 'आय बिलीव्ह इन यू' म्हणजे तुझ्या कुवतीवर भरवसा आहे. क्लायंटच्या खुलाशाला उत्तर देताना 'इन' चुकून घुसलं तर अर्थच बदलतो.

'ला' मात्र खरोखर पाठ करावं लागतं. 'टेल', 'आस्क', 'रिक्वेस्ट', 'इन्फॉर्म' यांना माणूस थेट लागतो, मध्ये 'टू' नको. 'एक्स्प्लेन', 'सजेस्ट', 'रिप्लाय' यांना माणसाआधी 'टू' हवंच: 'एक्स्प्लेन द डिले टू मी'. 'प्लीज रिप्लाय मी' ही त्याच घरातली चूक. अर्थावरून हे दोन गट ओळखता येत नाहीत, पण ऑफिसच्या पत्रव्यवहारापुरते शब्द मोजकेच आहेत.

तिरकी रेघ

पूर्णविराम यांच्याशी सहमत, पण 'डिस्कस अबाउट'ला मराठी 'विषयी' एकटं जबाबदार नाही. इतर भाषा बोलणारेही ही चूक करतात. दुसरं कारण इंग्रजीच्याच आत आहे: नामाला लागणारं प्रीपोझिशन क्रियापदात झिरपतं.

'अ डिस्कशन अबाउट द बजेट' बरोबर, 'डिस्कस द बजेट' बरोबर. 'एम्फसिस ऑन क्वालिटी', पण 'एम्फसाइझ क्वालिटी'. 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', पण 'रिक्वेस्ट लीव्ह'. 'डिमांड फॉर', 'ॲक्सेस टू', 'व्हिजिट टू', 'लॅक ऑफ', 'अटॅक ऑन', 'इन्फ्लुअन्स ऑन', 'ॲप्रोच टू' ही सगळी नामं आहेत. हेच शब्द क्रियापद म्हणून आले की पुढे थेट कर्म. तपासताना एवढंच विचारा: हा शब्द इथे नाम आहे की क्रियापद? 'एम्फसाइझ ऑन', 'लॅक ऑफ फंड्स' क्रियापदासारखं वापरलेलं, 'ॲक्सेस टू द फाइल' क्रियापदासारखं वापरलेलं, हे सगळं या एका प्रश्नाने सापडतं.

याला अपवाद आहेत. 'डिपेंड ऑन', 'इन्सिस्ट ऑन', 'ऑब्जेक्ट टू' यांत क्रियापद आणि नाम दोघांनाही तेच लागतं. आणि काही कुटुंबं अशी की प्रत्येकाचं वेगळं: 'प्राउड ऑफ', 'टेक प्राइड इन', 'प्राइड वनसेल्फ ऑन'. 'डिपेंडंट ऑन' पण 'इंडिपेंडंट ऑफ', आणि नाम झालं की 'इंडिपेंडन्स फ्रॉम'. म्हणून शब्दकोशात मूळ शब्दावर थांबू नका, ज्या रूपाची शंका आहे त्याच रूपाची नोंद उघडा. लाँगमन आणि ऑक्सफर्डचे लर्नर्स शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहेत. त्यांत प्रीपोझिशन अर्थानुसार ठळक अक्षरांत दिलेलं असतं. मोठ्या संदर्भकोशांपेक्षा या कामाला तेच बरे.

समासरेघ

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. शब्दकोशाने भागलं नाही तर कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा शोधता येणारा मोठा संग्रह. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस सुमारे 10 कोटी शब्दांचा आहे आणि विसाव्या शतकाच्या अखेरचं ब्रिटिश इंग्रजी दाखवतो. समकालीन अमेरिकन इंग्रजीचा कोका 100 कोटींच्या वर, 1990 ते 2019. मोफत नोंदणी करून दोन्ही पाहता येतात. झटपट अंदाजाला गूगल बुक्स एनग्रॅम पुरतो; छापील पुस्तकांत एखादा शब्द किती वेळा येतो ते तो आलेखात दाखवतो. तिथे 'अँग्री' टाइप करा, एक जागा सोडा, मग तारांकन, अधोरेषा आणि कॅपिटलमध्ये ए-डी-पी, या तिघांत जागा न सोडता. 'अँग्री'पुढे सर्वाधिक येणारी दहा प्रीपोझिशन आलेखात येतात. वरच्या यादीतून ब्रिटिश आणि अमेरिकन असे आळीपाळीने निवडून बघा.

आकडा पाहून थांबलात तर हमखास फसाल. 'डिस्कस अबाउट' शोधलं तर थोडे निकाल येतातच, पण त्यांत 'डिस्कस अबाउट ट्वेन्टी केसेस' असतं. तिथे 'अबाउट' म्हणजे सुमारे. 'मॅरिड विथ' मिळतं, कारण 'मॅरिड विथ टू चिल्ड्रन' म्हणजे विवाहित आणि दोन मुलं, हे शुद्ध इंग्रजी आहे. नवरा किंवा बायको सांगायची तर 'मॅरिड टू'. 'अँग्री ऑन' मिळतं, कारण पुढे 'बिहाफ ऑफ' किंवा वार असतो. म्हणून कॉर्पसमधली निदान वीस वाक्यं उघडून वाचा आणि बघा, प्रीपोझिशन खरंच त्या शब्दाला चिकटलंय की पुढच्याला.

आता 'डिफरंट'. 'फ्रॉम' दोन्ही देशांत चालतं, औपचारिक लिखाणात तेच ठेवा. 'टू' ब्रिटिश बोलण्यात खूप, अमेरिकेत खटकतं. 'दॅन' अमेरिकन, आणि पुढे पूर्ण उपवाक्य असलं की सोयीचं: 'डिफरंट दॅन आय एक्स्पेक्टेड'. 'फ्रॉम' ठेवायचं तर मध्ये 'व्हॉट' घालावं लागतं. मोजताना इथेही तीच काळजी: 'इट मीन्स समथिंग डिफरंट टू मी' यातल्या 'टू'चा तुलनेशी संबंध नाही.

देशानुसार बदलणारी आणखी काही: ब्रिटिश 'ॲट द वीकेंड', अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. ब्रिटिश 'अपील अगेन्स्ट द डिसिजन', अमेरिकन नुसतं 'अपील द डिसिजन'. क्लायंट कुठला आहे ते पाहूनच असली दुरुस्ती करा, नाहीतर बरोबर वाक्य खोडाल.

खाडाखोड

'सतत'ची खूण आणि नाम की क्रियापद हा प्रश्न, दोन्ही उद्यापासून वापरतो. अजून एक राहिलं: 'लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू'. इथे 'टू' बरोबर असून वाक्य चुकतं, ते सहकाऱ्यांना कसं पटवायचं?

पूर्णविराम

'टू' दोन आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधीचा, दुसरा प्रीपोझिशन. 'टू'नंतरचं क्रियापद काढून तिथे नाम ठेवा. 'आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' जमतं, म्हणजे हा प्रीपोझिशन आहे आणि क्रियापद आलंच तर आयएनजी घेऊन येईल: 'हिअरिंग'. 'आय वॉन्ट टू युअर रिप्लाय' जमत नाही, तिथे मूळ रूप. 'कमिटेड टू', 'ऑब्जेक्ट टू', 'इन ॲडिशन टू' आणि सरकारी पत्रांतलं लाडकं 'विथ अ व्ह्यू टू' यांना हीच कसोटी लावा. 'विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्ह' असं सर्रास दिसतं, तिथे 'इम्प्रूव्हिंग' हवं. 'यूज्ड टू'पाशी मात्र आधी 'ॲम', 'इज', 'गेट' यांपैकी काही आहे का ते पाहा. 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग लेट' म्हणजे उशिरापर्यंत काम करायची सवय आहे. 'आय यूज्ड टू वर्क लेट' म्हणजे पूर्वी करायचो, आता नाही.