प्रशिक्षक हवाच, पण मैदानाचं काय?

प्रशिक्षक नसल्यामुळे नाशिकची कॉलेजं फुटबॉलमध्ये पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गारद होतात, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. मी तीन वर्षं कॉलेजकडून लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, खेळलो. आमचे सर उत्तम होते, पण मैदान काळ्या मातीचं. ऑगस्टमध्ये सरावाला उतरलं की दहा मिनिटांत बुटांखाली चिखलाचा जाड थर, तळाचे स्टड (पकडीसाठीचे खुंट) दिसेनासे. कडेला बसून काडीनं खरवडायचं, पुन्हा आत पळायचं. पाऊस सरला की तीच माती दगडासारखी कडक, भेगाळलेली. जमिनीलगत पास द्यायची सवयच लागत नाही. बॉल उंच मारा आणि धावा, हेच अंगवळणी पडतं. मग बाहेर गवताच्या मैदानावर गेलं की तारांबळ उडते.

आणि कॉलेज हरलं की खेळाडूचाही हंगाम संपला असं नसतं. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतूनच पुणे विद्यापीठाच्या नाशिक विभागाचा संघ निवडतात, तो पुढे पुणे आणि नगरच्या संघांशी आंतरविभागीय स्पर्धेत खेळतो, आणि त्यातून विद्यापीठाचा संघ ठरतो. आमचा गोलकीपर पहिलाच सामना ०-३ हरूनही विभागाच्या संघात गेला, कारण त्या दिवशी त्यानं निदान सहा गोल अडवले होते.