मदत हवी आहे : कडा दोनदा मोजल्या जातात

सहावीच्या मुलांना घनाच्या कडा मोजायला सांगितल्या की उत्तर हमखास 24 येतं. 6 पृष्ठं, प्रत्येकाला 4 बाजू. पण एक कड दोन पृष्ठांत सामाईक असते, म्हणून निम्म्या, 12. हे पटतं. शिरोबिंदूंना मात्र अडतं: घनात पृष्ठांचे 24 कोपरे भागिले 3 (एका शिरोबिंदूत 3 पृष्ठं मिळतात) बरोबर 8, पण चौरस सूचीत (चौरस तळ आणि 4 त्रिकोणी पृष्ठं असलेल्या पिरॅमिडमध्ये) 4 + 12 = 16 कोपऱ्यांना 3 ने भाग जात नाही, कारण टोकाशी 4 कडा मिळतात.

खराट्याच्या 8 सेंमी काड्या आणि कणकेचे गोळे वापरून सांगाडे करतो. मुंबईच्या दमट हवेत गोळे मऊ पडून सांधे सुटतात. कणकेऐवजी काय वापरावं? दादर-परळकडे लाकडी नमुने कुठे मिळतील? आणि वृत्तचितीला (गोल डब्यासारख्या आकाराला) ‘कडा 2’ म्हणावं का?