पेजव्ह्यूच्या दुकानदारांचे काय?

दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीत भारतीय व्यापाऱ्यांना फारशी झळ बसली नाही, हे विधान जोहान्सबर्गमधील पेजव्ह्यू या वस्तीपुरतेही टिकत नाही. तेथील फोर्टीन्थ स्ट्रीटवर पुढे दुकान आणि वर किंवा मागे बिऱ्हाड अशी अनेकांची रीत होती. वंशानुसार राहण्याचे व धंद्याचे भाग वेगळे ठरवणाऱ्या १९५० च्या ग्रुप एरियाज अ‍ॅक्टच्या बळावर सरकारने तो भाग गोऱ्यांसाठी राखला, कुटुंबांना शहराबाहेर सुमारे ३० किलोमीटरवरील लेनेशिया या भारतीयांसाठीच्या वसाहतीत धाडले आणि दुकानदारांसमोर फोर्ड्सबर्गच्या ओरिएंटल प्लाझा या व्यापारी संकुलातील चढ्या भाड्याचे गाळे ठेवले. घर एकीकडे, धंदा दुसरीकडे. ऑरेंज फ्री स्टेट या प्रांतात तर १८९१ पासून १९८० च्या दशकापर्यंत भारतीयांना स्थायिक होण्यासच मनाई होती. गोरे, मिश्रवर्णीय आणि भारतीय यांची वेगवेगळी सभागृहे असलेल्या १९८४ च्या त्रिसदनी संसदेला सवलत म्हणायचेच असेल (मी म्हणणार नाही), तर तिच्या निवडणुकीकडे बहुसंख्य भारतीय मतदारांनी पाठ फिरवली होती.