शब्दचर्चा: जंबुरका, मोहोळ आणि डागणे

मंडळी, आपण सहा जण मिळून शनीच्या टायटन या चंद्रावरच्या लढाईचं जे कथाविश्व उभं करतोय त्यातल्या हत्यारांच्या नावांचा घोळ आता मिटवायलाच हवा. रविवारी ठाण्याच्या तलावपाळीला बसून मी सगळ्यांची प्रकरणं सलग वाचून काढली, तर एकच वस्तू पहिल्या प्रकरणात मानवरहित विमान, तिसऱ्यात ड्रोन, पाचव्यात यांत्रिक पक्षी आणि सातव्यात नुसतंच 'यंत्र'. वाचणाऱ्याला वाटणार चार वेगळी हत्यारं आहेत आणि तो पुढे तीन प्रकरणं उरलेल्या तिघांची वाट बघत बसणार.

माझ्या मते हल्ला करणाऱ्या छोट्या ड्रोनला जंबुरका म्हणावं. हा शब्द आपल्याकडचाच आहे, उंटाच्या खोगिरावर फिरती बसवलेली लहान तोफ म्हणजे जंबुरका. फारसीत जंबूर म्हणजे गांधीलमाशी, म्हणजे छोटी, चपळ आणि डंख मारणारी. आता गंमत बघा, इंग्रजीत ड्रोन म्हणजे नर मधमाशी. १९३५ मध्ये ब्रिटिशांनी तोफांच्या नेमबाजीच्या सरावासाठी रेडिओवर चालणारं 'क्वीन बी' नावाचं विमान आणलं होतं आणि त्या राणीमाशीवरूनच ड्रोन हे नाव पुढे रुळलं असं सांगतात. पण नर मधमाशीला नांगी नसतेच! हत्यार नसलेल्या यंत्राला ड्रोन आणि हत्यार असलेल्याला जंबुरका, इतका सरळ भेद भाषेतच तयार पडलाय तर तो का सोडायचा?

दुसरं, अशा शंभर-दोनशे जंबुरक्यांच्या झुंडीला तिसऱ्या प्रकरणात 'थवा' म्हटलंय. थवा पक्ष्यांचा, तो डोक्यावरून निघून जातो. इथे मोहोळ पाहिजे. येऊरच्या बाजूला ज्यांनी आग्यामोहोळ उठलेलं एकदा पाह्यलंय त्यांना वेगळं सांगायला नको, तोंड झाकून जमिनीवर पालथं पडायचं एवढंच सुचतं. 'मोहोळ उठलं' या दोन शब्दांत जी भीती आहे ती 'ड्रोनच्या थव्याने हल्ला केला' यात नाही.

आणि तिसरं, यावर मला जास्त बोलायचंय. पाचव्या प्रकरणात ठाण्यावरून, म्हणजे आपल्या कक्षेतल्या ठाण्यावरून हो, स्टेशनवरून नाही, लेझरची 'गोळी सुटते' आणि 'बार होतो'. गोळी सुटत नाही आणि हवाच नाही तर बार कुठून ऐकू येणार. लेझर एका जागी काही सेकंद धरून ठेवावा लागतो, पत्रा तापत जातो आणि मग भोक पडतं. याला डागणे हे क्रियापद इतकं चपखल बसतं की मला रात्री झोप लागेना. डागणं म्हणजे मुळात तापल्या सळईने चटका देणं, गुरांना डागतात ते. आपण तोफ डागली, क्षेपणास्त्र डागलं म्हणतो तिथे ते लांबून उसनं आणलेलं आहे, लेझरच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने, डीआरडीओने, कर्नूलला ३० किलोवॉटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवलं तेव्हापासून हे क्रियापद माझ्या डोक्यात घोळतंय.

तुमची मतं सांगा, त्याप्रमाणे मी शब्दांची वही पक्की करतो.

ऐरोलीवाली: दादा, डागणे एकदम मान्य. पण जंबुरका पहिल्यांदा वाचणारा अडखळेल. ड्रोन आता लग्नाच्या शूटिंगमुळे माझ्या आजीलाही माहितीये. आणि एक, शस्त्र आणि अस्त्र पण नीट वापरूया. शस्त्र हातात धरून मारायचं, अस्त्र फेकायचं, संस्कृतातले मूळ क्रियाधातूच वेगळे आहेत. माझ्याच सातव्या प्रकरणात शिपाई 'अस्त्र उपसतो' असं झालंय ते मी बदलते.

मूळ लेखक: ताई, अडखळू दे की एकदा. पहिल्याच प्रकरणात म्हातारी सुभेदारीण नव्या पोराला सांगते तिथे एक वाक्य घालू, 'जंबुरका म्हणजे डंख असलेला ड्रोन.' पुढे तो शब्द आपसूक चालेल. पाणबुडी म्हणजे आधी पाण्यात बुडी मारणाराच आठवायचा ना, आज कोण अडखळतंय? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश, म्हणजे राज्यकारभारातल्या शब्दांचा कोश, करवून घेतला त्यात शस्त्रवर्ग आणि दुर्गवर्ग असे वेगळे भाग काढलेत. लष्कराचे शब्द एकसारखे असावेत ही गरज तेव्हाही कळली होती. अर्थात मला सगळंच संस्कृत नकोय, तोफ तुर्की आहे आणि ती तोफच राहणार.

वाशीवाला: डागणे छान आहे पण एक तांत्रिक अडचण. टायटनवर दाट नारिंगी धुकं आहे, हवेचा दाब पृथ्वीच्या साधारण दीडपट. कक्षेतून डागलेला लेझर जमिनीपर्यंत पोचेपर्यंत त्यात काही उरणार नाही. म्हणून डागणे फक्त अवकाशातल्या लढाईला ठेवा. उलट जमिनीवर हवा आहे, तर तिथे आवाज आहे, तिथे 'बार' खुशाल करा. आणि कोणीतरी विचारलं होतं की टायटनवर मोकळा ऑक्सिजन नाही तर दारूगोळा पेटेल का, तर पेटेल. दारूत सोरा असतो आणि सोऱ्यातच जळायला लागणारा ऑक्सिजन असतो. तिथलं गुरुत्वाकर्षण आपल्या सातव्या हिश्शाइतकं आणि हवा दाट, म्हणजे जंबुरके उडवायला याच्यापेक्षा सोयीची जागा नाही.

दिवाळे कोळीवाडा: जहाजांचं कोणी बोललंच नाही. टायटनच्या उत्तरेला मिथेनचे समुद्र आहेत आणि आपण तिथे 'क्रूझर' आणि 'बोट' लिहितोय. मराठ्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत होतं. गुराब मोठी, तोफा वाहणारी, गलबत लहान आणि वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढून नेत. आपल्या कथेत इंधन संपलेली मोठी नौका लहान नौका ओढून नेते तो प्रसंग आहेच, फक्त नावं बदला, अंगावर काटा येईल. माझे आजोबा अजून सुकाणूला सुकाणूच म्हणतात, आपण 'स्टिअरिंग' कशाला म्हणायचं.

मूळ लेखक: हे दोन्ही घेतले. डागणे अवकाशात, बार जमिनीवर, गुराब आणि गलबत समुद्रात. ऐरोलीवाल्या ताई शस्त्र-अस्त्र सगळीकडे तपासतील.

एक राहिलं. टेहळणीच्या ड्रोनला मी 'टेहळ्या' लिहिणार होतो, पण काल उपवन तलावाला संध्याकाळी पाण्यावर चतुर उडत होते. एका जागी थांबतो, झटकन बाजूला सरकतो, परत येऊन तिथेच थांबतो. नासाचं टायटनवर जाणारं यान आहे ना, २०२८ मध्ये सोडायचं ठरलंय ते, त्याचं नाव ड्रॅगनफ्लाय, म्हणजे चतुरच. तर टेहळणीचा ड्रोन चतुर, आणि त्याचा सर्वात छोटा, बोटाएवढा भाऊ टाचणी. चतुराची ती बारीक जातभाई, बसताना पंख मिटून बसते ती.

ऐरोलीवाली: टाचणी माझ्या नवव्या प्रकरणात हवीये. ठाण्याच्या भिंतीला टाचणी चिकटून बसलीये आणि कोणाच्या लक्षात येत नाहीये, आज रात्री लिहिते.